डिसूझा मिसचा पियानो आणि हातोडी काका

हातोडी काकांना पियानो वाजवता येत नव्हता. साधं सा रे ग म सुद्धा नाही. तरी आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीत पियानोचा विषय निघाला, की बाकीच्यांनी गप्प बसायचं आणि काकांनी बोलायचं, असं ठरून गेलं होतं. विषय बहुतेक वेळा तेच काढत. पाण्याच्या टाकीच्या गळतीवर मीटिंग बोलावलेली असायची आणि काका उभे राहून सांगायचे, "आधी ताण कुठं येतोय ते बघा. आता पियानोचंच घ्या..." सेक्रेटरी कपाळाला हात लावायचे. काकांची आठवण निघाली की आम्हाला आधी हसू येतं. मग पुढचं आठवतं आणि मान खाली जाते.

त्यांचं खरं नाव मधुकर आठल्ये. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स खात्याचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले. नोकरीत असताना कंपनीनं त्यांना कुठल्याशा पंपाचं काम शिकायला जर्मनीला पाठवलं होतं. रविवारी सुट्टी, गावात सगळी दुकानं बंद, म्हणून वेळ घालवायला ते तिथल्या छोट्या संग्रहालयात शिरले. तिथं जुन्यापासून नव्यापर्यंत तारांची वाद्यं ओळीनं मांडलेली होती आणि आतलं दिसावं म्हणून प्रत्येकाची एक बाजू कापून ठेवली होती. संध्याकाळी रखवालदारानं बाहेर काढेपर्यंत काका तिथंच होते. "पंप मी तिथं शिकलो," ते म्हणायचे, "पण यंत्र म्हणजे काय ते त्या रविवारी कळलं."

परत आल्यावर त्यांनी सागाच्या तुकड्यांतून पियानोची एकच पट्टी बनवली. पट्टी, तिच्यामागची तरफ, वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, टोपी घातलेली छोटी हातोडी आणि एक तार. ती कापडी पिशवीत घालून ते सगळीकडे न्यायचे. बारशाला, वास्तुशांतीला, एकदा तर दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेले तेव्हासुद्धा. पोरांनी त्यांचं नाव हातोडी काका ठेवलं, ते त्यामुळं. काकांना ते नाव मनापासून आवडायचं.

"दाब," ते म्हणायचे. आपण पट्टी दाबली की हातोडी उडायची, तारेला लागायची आणि लगेच मागं यायची. "बघितलंस? पट्टी तू अजून दाबून धरली आहेस, पण हातोडी परत आली. ती तारेला चिकटून राहिली असती तर आवाज मेला असता. मारणं सोपं आहे. मारून मागं सरायचं, ही खरी युक्ती."

मग सगळा इतिहास यायचा. आधी संतूरसारखी वाद्यं, हातात काठ्या घेऊन तारांवर मारायची. मग कुणीतरी तारांना पट्ट्या जोडल्या, पण त्या पट्ट्या पिसाच्या टोकानं तार छेडायच्या. कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच. "वाजवणारा चिडलेला असो नाहीतर रडत असो, वाद्य आपलं एकाच आवाजात बोलणार! मग इटलीत एका कारागिरानं पिसाच्या जागी हातोडी बसवली. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात. वाद्याचं नावसुद्धा तेच पडलं, पियानोफोर्ते, म्हणजे हळू आणि जोरात." पुढं मैफली मोठ्या झाल्या, लोकांना आणखी आवाज हवा झाला, तारा जाड झाल्या, ताण वाढला. लाकडाची चौकट वाकायला लागली, तेव्हा लोखंड आलं. आणि ज्यांची घरं लहान होती त्यांच्यासाठी तारा आडव्याच्या उभ्या झाल्या. "म्हणजे तुमच्या आमच्या वन बीएचकेवाल्यांसाठी," असं म्हणून काका थांबत. इथं श्रोत्यांनी हसायचं असे.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड मात्र त्यांना चालत नसे. माझ्या मुलीकडं होता. तो बघून ते म्हणाले होते, "हा आवाजाचा फोटो आहे. फोटोत आंबा दिसतो, खाता येत नाही."

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. बँकेत नोकरी करते. लहानपणी पेटी शिकले होते, तेवढं भांडवल काकांना पुरलं. स्वतःला सूर कळत नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून कुठं वाद्य दुरुस्त करायचं असलं की मला हाक यायची, "मॅनेजरीणबाई, कान घेऊन चला!" मी मॅनेजर नव्हते, पण त्यांना ते पटायचं नाही.

डिसूझा मिसचं काम माझ्यामुळंच त्यांच्याकडं आलं. मिसनी मला शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. जुन्या पनवेलमध्ये तळ्याच्या बाजूला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. मोठी बहीण आयरिन उरणला, तीही आता अंथरुणाला खिळलेली. मिसकडं वडिलांचा पियानो होता. काळा, उभा, पुढं मेणबत्त्या लावायला पितळेचे दोन हात. वडील चर्चमध्ये वाजवायचे आणि घरी नाताळच्या संध्याकाळी दोघी मुलींना शेजारी बसवून तोच एक कार्यक्रम व्हायचा. ते गेल्यावर पियानो हळूहळू मुका होत गेला. अर्ध्या पट्ट्या दाबल्या की खालीच बसायच्या.

"आयरिनला या ख्रिसमसला घेऊन येणार आहे," मिस काकांना म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, पुढच्या वेळचं सांगता येत नाही. तिला डॅडींचं एक गाणं ऐकवायचंय. बस. जास्त काही नको."

काकांनी पियानोचं पुढचं दार उघडलं आणि आत बघून हात जोडले. खरंच जोडले. इतकी वर्षं ज्याची गोष्ट सांगत फिरले, ते संपूर्ण यंत्र त्यांच्या पुढ्यात उघडं होतं.

त्यानंतरचे आठवडे त्यांच्या आयुष्यातले फार सुखाचे असावेत. उंदरांनी कुरतडलेला नमदा त्यांनी काढला, नवा बसवला. फुगलेल्या पट्ट्या एकेक करून बाहेर काढून घासल्या. गंजलेल्या तारा पुसल्या. मी रविवारी जायची आणि ते सांगतील ती पट्टी दाबायची. दिवाळी झाली तोवर पियानो बोलायला लागला होता. सगळे सूर खऱ्या सुरापेक्षा खाली होते, चांगले एका स्वरानं खाली, पण आपापसात बऱ्यापैकी जुळलेले. मिसनी बसून गाण्याच्या पहिल्या दोन ओळी वाजवल्या आणि चष्मा काढून पुसला.

"झालं," त्या म्हणाल्या. "मला एवढंच हवं होतं."

"अजून कुठं झालं?" काका म्हणाले. त्यांनी मोबाइल पुढं केला. त्यात सूर दाखवणारा काटा होता. "हे बघा, हा सगळा खाली आहे. आजच्या सुराला आणून देतो."

"राहू द्या हो. डॅडींच्या वेळीही तो खालीच असायचा. ते म्हणायचे, म्हातारा आहे, त्याला ओरडायला लावू नका."

काका हसले. "मिस, यंत्र त्याच्या पूर्ण ताकदीनं चालवायचं असतं."

मिसनी पुन्हा म्हटलं, "राहू द्या." हे शब्द मी ऐकले. काकांनीही ऐकले असणार.

पुढच्या रविवारी सकाळी मिस चर्चला गेल्या होत्या. किल्ली काकांकडंच होती. त्यांनी घर उघडलं, पियानो उघडला, तारा ताणायची पान्यासारखी लांब चावी तार गुंडाळलेल्या खुंटीवर बसवली आणि मला म्हणाले, "हे बघ, इथं लोखंड थांबलंय. याच्यावर, जिथं खुंट्या आहेत, तिथं नुसतं लाकूड. जुनी पद्धत. पूर्ण लोखंडी चौकट यायच्या आधीची." अगदी प्रेमानं, एखादं दुर्मीळ नाणं दाखवावं तसं त्यांनी ते मला दाखवलं. आणि ताण द्यायला सुरुवात केली.

लाकूड का वाकलं आणि लोखंड का आलं, हे ज्या माणसानं आख्ख्या कॉलनीला पाठ करून घेतलं होतं, त्याच्याच हातात ती चावी होती. मधल्या सप्तकापर्यंत सगळं ठीक चाललं. मी पट्टी दाबत होते, काटा वर सरकत होता, काका गुणगुणत होते. मग आतून आधी बारीक करकर आली. "लाकूड बसतंय जागेवर," काका म्हणाले. आणि पुढच्याच वळणाला फाडकन आवाज झाला. मी स्टुलावरून उठून उभी राहिले. खुंट्यांची फळी एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत चिरली होती. तारा एकामागून एक सैल पडत होत्या आणि प्रत्येक सैल पडताना कण्हत होती. ते थांबायला बराच वेळ लागला.

काका चावी हातात धरून तसेच उभे होते. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. मग खिशातून रुमाल काढून बोट पुसलं, जणू काही लागलं होतं.

मिस आल्या, दारातच थांबल्या. त्यांनी उघड्या पियानोकडं बघितलं.

"आपल्याकडची हवा फार दमट," काका म्हणाले. "लाकूड आतून आधीच गेलेलं होतं, मिस. आज ना उद्या फुटणारच होतं."

एका हातोडीवर तासभर बोलणारा माणूस तेवढं बोलून गप्प झाला. मिसनी पुढं होऊन पट्ट्यांवरचं झाकण हळूच बंद केलं. "चहा घेऊन जा," म्हणाल्या. आम्ही तो चहा प्यालो. तसा चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही. कप खाली ठेवायची हिंमत नव्हती.

रिक्षात काका रस्त्याकडं बघत बसले होते. त्यानंतर त्यांचं खाली गप्पांना येऊन बसणं बंद झालं. लिफ्टमध्ये कुणी असलं की ते जिन्यानं जायचे. काकू मला सांगत होत्या, "अगं, जेवताना मध्येच घास हातात धरून बसतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही." सोसायटीतलं कुणी सहज विचारायचं, "काय काका, झाला का मिसचा पियानो?" तेव्हा त्यांचा चेहरा असा व्हायचा, की विचारणाराच ओशाळायचा.

आठवड्याभरानं ते माझ्या दाराशी आले. पायरीवरूनच म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल. एकटा गेलो तर पुन्हा काहीतरी तिसरंच सांगून येईन."

मिसनी दार उघडलं, खुर्ची पुढं केली. काका बसले नाहीत.

"मिस, हवेनं नाही फुटला. मी फोडला," ते म्हणाले. "ती चौकट एवढा ताण सोसणारी नव्हती. मला दिसत होतं. तुम्ही नको म्हणाला होतात. तरी मी केलं. आणि वर खोटं बोललो."

मिस त्यांच्याकडं शाळेत बघायच्या तशा बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या हो, होतं असं. पण त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर मुलं शिकवलीत मी. खोटं सांगणारा मुलगा आधी सगळं पावसावर ढकलतो. तुम्ही हवेवर ढकललंत." जरा थांबून म्हणाल्या, "पियानो मोडला, ते मी सहन करीन. पण आता आयरिनला काय सांगू?"

काका जमिनीकडं बघत उभे होते. पिकलेल्या केसांचा, सगळ्या कारखान्यावर हुकूम चालवलेला तो माणूस छडी खायला उभ्या असलेल्या पोरासारखा दिसत होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

नाताळच्या आदल्या दिवशी काका माझ्याकडं आले आणि मुलीचा कीबोर्ड मागितला. मी म्हटलं, "मी पोचवते." ते म्हणाले, "नाही, मीच नेणार." ज्याला ते आवाजाचा फोटो म्हणायचे, तो दोन्ही हातांवर आडवा धरून ते जिना उतरले. रिक्षात मांडीवर घेतला. मिसच्या घरी तो टेबलावर मांडून, वायर जोडून ते दाराशी जाऊन उभे राहिले.

आयरिनबाईंना उरणहून गाडीतून आणलं होतं. बरोबर त्यांची देखभाल करणारी कोळीण, पार्वतीबाई. तिनं त्यांना चाकाच्या खुर्चीत नीट बसवलं, पाठीमागं उशी दिली. मिसनी वाजवायला घेतलं. त्या हळू दाबत होत्या, जोरात दाबत होत्या, पण त्या स्वस्तातल्या कीबोर्डला फरक कळत नव्हता. प्रत्येक सूर सारखाच. काका दारात उभे राहून ते ऐकत होते. सूर न कळणाऱ्या त्या माणसाला तेवढं तरी नक्की कळत होतं.

आयरिनबाई कीबोर्डकडं बघतच नव्हत्या. त्या भिंतीशी असलेल्या काळ्या पियानोकडं बघत होत्या. गाणं संपलं तेव्हा म्हणाल्या, "तो का बंद ठेवलाय? तो वाजव ना."

"तो आजारी आहे, आयरिन," मिस म्हणाल्या.

"मग बरा झाला की सांग. मी येते."

पार्वतीबाईनं सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं बघितलं आणि तिला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. "आवाज जरा बारीक हाय," ती म्हणाली, "पन ताई खूश हायेत. घरी कवा एवरा वेल बसत नाय." काका मागच्या मागं बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, ते तळ्याच्या कठड्याला धरून उभे होते.

ईस्टरच्या आधीच आयरिनबाई गेल्या.

त्यानंतर काकांनी ती पट्टीची पिशवी बाहेर काढली नाही. पोरं म्हणायची, "काका, हातोडी दाखवा ना." ते म्हणायचे, "मोडली रे." मोडलेली नव्हती. मीटिंगमध्ये टाकीचा विषय निघाला तर शेवटच्या रांगेत बसून ठरावाला हात वर करायचे. कुणी इंजिनिअरसाहेब म्हटलं की दचकायचे. आधी आम्ही त्यांच्या व्याख्यानांना कंटाळायचो. आता ती बंद झाल्यावर सोसायटीत काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं, पण बोला म्हणायचीही सोय नव्हती.

पियानो मात्र त्यांनी दुरुस्त करायला घेतला. मिसची परवानगी मागायला ते तीनदा गेले, तेव्हा कुठं मिस म्हणाल्या, "करा." चिरलेली फळी काढायची म्हणजे आधी सगळ्या तारा उतरवायच्या, सगळ्या खुंट्या काढायच्या. नवी फळी अनेक पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून करायची. पहिली बनवली, ती त्यांनी स्वतःच नापास केली. दुसरी बसली. पुन्हा एकेक तार, आणि यावेळी ताण किती द्यायचा ते मोबाइलमधल्या काट्यानं ठरवलं नाही. प्रत्येक वळणाला ते थांबायचे, फळीला कान लावायचे, मग मिसना विचारायचे, "आणखी देऊ?" मिस नको म्हणाल्या की चावी खाली. असं करत पियानो पुन्हा वाजायला लागला. पूर्वीसारखाच, एका स्वरानं खाली. मिसनी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि काकांकडं बघून खाली घेतले. ते भिंतीकडं तोंड करून उभे होते.

"मिस, माफ करा," ते म्हणाले.

"चहा टाकते," मिस म्हणाल्या.

हे पुढं दर वेळी व्हायचं. कारण काम संपलं असं आम्हाला वाटलं तरी ते संपत नव्हतं. मिसचा फोन यायचा, वरची एक पट्टी अडकते. काका जायचे. मग पायाखालच्या पेडलची कुरकुर. मग खालच्या तारेची भणभण. मी सोबत असले तर बघायची, मला तर काही ऐकू यायचं नाही. काका तासभर उघडून बघायचे, पुसायचे, काहीतरी सैल, काहीतरी घट्ट करायचे. निघताना मान खाली घालून म्हणायचे, "मिस, त्या गोष्टीबद्दल मला माफ करा." आणि मिस म्हणायच्या, "चहा होतोय, थांबा." ते चहा घ्यायचे, पण उभ्यानं. मला मिसचा राग यायला लागला होता. एका चुकीपायी म्हाताऱ्या माणसाला किती दिवस उभं करायचं? एकदा मी काकांना तसं म्हणालेही. ते म्हणाले, "नाही गं. त्यांचं बरोबर आहे. आयरिनबाईंना कुठून आणून देऊ मी?"

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. सकाळी पेपर वाचता वाचता छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी मिस भेटायला आल्या. मीच त्यांना रिक्षातून घेऊन आले. काठी टेकत त्या आत आल्या आणि काकूंच्या शेजारी सतरंजीवर बसायला लागल्या. गुडघे वळेनात, म्हणून आम्ही खुर्ची दिली. पण त्यांनी ती बाजूला केली आणि कशाबशा खालीच बसल्या.

मग काकू म्हणाल्या, "मिस, एक विचारू? रागावू नका. तुमच्याकडून आले की ते रात्री जेवायचे नाहीत नीट. म्हणायचे, अजून त्यांच्या मनातून गेलेलं नाही. तुम्ही त्यांना माफ केलं होतंत का हो?"

मिसनी काकूंकडं बघितलं नाही. त्या काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होत्या.

"केलं होतं," त्या म्हणाल्या. "केव्हाच. पियानो दुरुस्त झाल्यावर मी ते गाणं वाजवलं ना, त्याच दिवशी."

"मग सांगितलं नाहीत?"

"नाही." मिसचा आवाज इतका लहान झाला, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. "पियानोला काही झालेलं नसायचं. मीच फोन करायची. आयरिन गेल्यावर माझ्या घरी दुसरं कुणी येत नव्हतं. मला वाटलं, माफ केलं म्हटलं तर यायचे थांबतील."

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "तरीही आले असते हो ते."

मिसनी मान खाली घातली. ती त्यांनी निघेपर्यंत वर केली नाही.